थोमाचा संशय आणि आपला विश्वास

सन 2025 च्या ऑक्टोबर महिन्यातील एक सकाळ. दवाखान्यात गर्दी नेहमीइतकीच होती, पण नेहमीचा गलका नव्हता. जवळच्या खेड्यातील एक तरुण शेतकरी आपल्या तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन माझ्यासमोर बसला. मुलाला साधा सर्दी-खोकला होता. ताप नव्हता, छाती स्वच्छ होती. बापाने खिशातून एक अर्धी रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. ती माझ्याच जुन्या चिठ्ठीवर आणलेली होती. बातम्यांत गाजत होते ते औषध हे नव्हे, कंपनीही निराळी. तरी तो म्हणाला, "साहेब, याच्यात तसं काही नाही ना जी? तुम्ही म्हणान तं पाजतो."

मी बाटली उचलली, लेबल वाचले, तारीख पाहिली. आणि एकदम ध्यानात आले की या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आपल्यापाशी नाही. बाटलीत काय आहे ते मी कधीच पाहिलेले नव्हते. कंपनीने लेबलावर लिहिले, सरकारी खात्याने परवाना दिला, दुकानदाराने विकले, मी लिहून दिले आणि आईने चमचा तोंडाशी नेला. या साखळीतील प्रत्येक जण आधीच्या माणसाच्या शब्दावर विसंबलेला होता. प्रत्यक्ष पाहिलेले कोणीच नव्हते, आणि जो पिणार होता त्याला तर विचारण्याचीही सोय नव्हती.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून परासिया भागात काय घडले ते आपल्या मंडळाच्या सभासदांना सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु ही स्मरणिका डॉक्टरांखेरीज इतरही वाचतात, म्हणून थोडक्यात नमूद करतो. खोकल्याचे औषध घेतलेल्या लहान मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली, नागपूरला नेलेली मुलेही एकामागून एक दगावली. मृतांचा आकडा 20 च्या वर गेला. त्यांत बहुतेक छिंदवाडा जिल्ह्यातील होती. बैतूल आणि आपला पांढुर्णा जिल्हाही सुटला नाही. तामिळनाडूच्या औषध खात्याने तपासलेल्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य 48.6 टक्के निघाले. त्याची मर्यादा आहे 0.1 टक्का. 4 ऑक्टोबरला मध्य प्रदेश शासनाने त्या औषधावर बंदी घातली. एका समव्यवसायी डॉक्टरांनाही अटक झाली. तो न्यायालयाचा विषय आहे, त्यावर मी बोलणार नाही. मात्र हे द्रव्य आपल्याला नवे नाही. 1937 साली अमेरिकेत त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून त्याने 14 रुग्ण मारले, लेंटिन आयोग बसला, आणि आम्ही विद्यार्थी असताना तो अहवाल आमच्या शिक्षकांच्या तोंडी होता. तरीही आम्ही लेबलावर विश्वास ठेवीतच राहिलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कपाटात एक मराठी नवा करार आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षे काम केलेल्या एका ख्रिस्ती सिस्टरबाईंनी निवृत्त होताना तो मला दिला होता. (मी ख्रिस्ती नाही. घरात पंढरीची वारी आहे आणि माझ्या आजोबांची तुळशीची माळ अजून देवघरात टांगलेली आहे.) तो उघडून मी योहानाच्या शुभवर्तमानातील थोमाची कथा काढली. तेव्हापासून ती डोक्यातून गेलेली नाही, आणि संपादक मंडळींनी लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचलाही नाही.

कथा सर्वांना ठाऊक आहे. क्रुसावर मरण पावलेला येशू शिष्यांना पुन्हा दिसला. त्या वेळी थोमा तेथे नव्हता. इतरांनी सांगितले तेव्हा तो म्हणाला की खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला आणि त्याने थोमापुढे आपले हात केले. थोमा शरण गेला. त्यावर येशूने म्हटले की जे न पाहता विश्वास ठेवतात ते धन्य. या एका वाक्यामुळे थोमा दोन हजार वर्षे बदनाम झाला. इंग्रजीत संशयखोर माणसाला त्याचेच नाव देतात.

डॉक्टरच्या डोळ्यांनी ही कथा वाचली की दोन-तीन गोष्टी खटकतात. एक म्हणजे थोमाने चमत्कार मागितला नाही, त्याने जखमा मागितल्या. तेजोवलय, आकाशवाणी, पाण्यावर चालणे यांपैकी काहीही त्याला पुरावा म्हणून नको होते. आम्ही मृतदेहाची ओळख पटवितो तशी त्याला ओळख पटवायची होती, व्रणांवरून. दुसरे असे की या मागणीबद्दल त्याला कोणी हाकलले नाही. आठ दिवस तो संशयासकट त्याच मंडळींत राहिला, आणि येशू आला तो त्याच्यासाठी म्हणूनच आल्यासारखा आला. आणि तिसरी गोष्ट मला त्या रात्रीच प्रथम लक्षात आली. थोमाने खरोखर बोट घातले असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. काराव्हाजिओच्या प्रसिद्ध चित्रात थोमाचे बोट जखमेत रुतलेले दिसते आणि आपण ते चित्रच मूळ कथा समजून बसतो. मूळ कथेत येशूने हात पुढे केला एवढेच आहे. थोमाला बहुधा तेवढे पुरले.

मग न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, याचा अर्थ काय करावा? डोळे मिटून घेणाऱ्यांची ही स्तुती आहे असे मला वाटत नाही. ज्याने ही कथा लिहिली तो ज्यांच्यासाठी लिहीत होता त्यांपैकी बहुतेकांनी येशूला पाहिलेले नव्हते आणि पाहणे शक्यही नव्हते. त्यांच्या हाती राहिली होती ती केवळ साक्ष. पाहिलेल्या माणसांची, आणि त्या माणसांनी त्यापायी काय सोसले याची. थोमाला जे मिळाले ते तुम्हाला मिळणार नाही, पण म्हणून तुम्ही कमी प्रतीचे ठरत नाही, असा तो दिलासा आहे. दक्षिणेतील परंपरा तर सांगते की हाच संशयी थोमा इसवी सन 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. पण ज्याने सर्वांत जास्त पुरावा मागितला तोच सर्वांत दूर गेला, ही परंपरा ज्यांनी जपली त्यांना थोमा आपल्यापेक्षा अधिक कळला होता.

येथे शब्दाचाही विचार करण्यासारखा आहे. आपण हिंदू मंडळी 'श्रद्धा' म्हणतो. मराठी ख्रिस्ती 'विश्वास' म्हणतात. श्रद्धा देवघरात असते. विश्वास बाजारात, बँकेत, सोयरिकीत आणि दवाखान्यातही असतो. संत्र्याचा बगिचा बहारावर असताना व्यापाऱ्याशी सौदा होतो तो विश्वासावर. म्हणजे मराठी शुभवर्तमान आपल्यापाशी ज्या गोष्टीची मागणी करते ती रोजच्या व्यवहारातील आहे: या माणसावर विसंबता येईल का, एवढेच. आणि हा प्रश्न विचारणारा माणूस चौकशी करतोच. आंधळेपणाने मुलगी देणारा बाप शहाणा नव्हे.

आपल्या मराठी माणसांत ज्यांनी हा विश्वास पत्करला त्यांची चरित्रे पाहिली तर चौकशीची ही खोड त्या सर्वांत आढळते. नीळकंठशास्त्री गोरे हे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. जन्म 1825 साली बुंदेलखंडात, वाढले काशीत. ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ त्यांनी विशीतच लिहिला. खंडनासाठी वाचता वाचता त्यांचे मत पालटले आणि 1848 साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे षड्दर्शनांची चिकित्सा करणारा मोठा ग्रंथ लिहिला, व्रतस्थ धर्मोपदेशक झाले, 1895 साली वारले. पण शंकांनी या माणसाची पाठ जन्मभर सोडली नाही. ज्याच्या युक्तिवादाने इतरांची मने वळली तो स्वतः रात्री तळमळत असे. मला हे ठाऊक नव्हते तोवर धर्मांतर म्हणजे प्रश्नांचा शेवट अशी माझी समजूत होती.

नारायण वामन टिळकांची गोष्ट अधिक परिचित आहे आणि तिचा एक धागा आपल्या भागातून जातो. 1893 साली नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक अनोळखी गोरा प्रवासी भेटला. काव्याच्या, धर्माच्या गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो सांगून गेला. टिळकांनी पुस्तक वाचायचे वचन दिले होते म्हणून वाचायला घेतले, ते डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे ते म्हणत. लक्ष्मीबाईंनी मात्र नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. त्या रडल्या, वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी आपली चूल निराळी ठेवली. माणसामाणसांतील शिवाशीव देवाने केलेली नाही हे त्यांना स्वतःला पटले तेव्हा, म्हणजे पाच वर्षांनी, 1900 साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्याखाली एका बाईने स्वतःच्या बुद्धीने केलेली तपासणी आहे.

सर्वांत जास्त मी थबकतो तो पंडिता रमाबाईंपाशी. न पाहता विश्वास ठेवण्याची किंमत त्यांच्याइतकी कोणी मोजली नसेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे निष्ठावंत पुराणिक. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने उरलेसुरले द्रव्य देवकार्यात, दानात आणि तीर्थांत घातले. देव धावून येईल म्हणून वाट पाहिली. देव आला नाही. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उपाशीपोटी देश पायाखाली घालीत कलकत्त्यापर्यंत पोचले. 1880 साली भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि 1882 साली पतीही गेले. पदरात तान्ही मनोरमा. ज्या बाईने विश्वासाचे फळ उपासमारीच्या रूपाने पाहिले, तिने पुन्हा कशावरही विश्वास ठेवला नसता तर कोणता डॉक्टर तिला दोष देईल?

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही निमूटपणे नव्हे. ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाद घातला. मला पटेल तेवढेच मी मानीन, चर्च सांगते म्हणून नाही, हा त्यांचा हेका. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की 1883 साली आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त सापडला तो आठ वर्षांनंतर. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. रोगाचे निदान अगोदर लिहून मग लक्षणे शोधणारे आम्ही; या बाईंनी आठ वर्षे निदान राखून ठेवले.

आणि मग 1896-97 चा दुष्काळ आला, या वेळी मध्य प्रांतात. आपला छिंदवाडा जिल्हा, त्यातील सौंसर तहसील त्याच प्रांतात होते. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना केडगावला घेऊन गेल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी ज्या परिस्थितीत देव आला नाही, त्याच परिस्थितीत त्या स्वतः गेल्या. न पाहता विश्वास ठेवणे म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही. मरणापूर्वी त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरविले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. ज्यांना त्यांची धर्मांतरे मान्य नाहीत त्यांनी जरूर टीका करावी, पण केडगावच्या धान्याच्या कोठारापर्यंत जाऊन करावी.

आता सिस्टरबाईंविषयी. एम. डी. होऊन मी या भागात आलो तेव्हा सौंसरच्या एका खाजगी रुग्णालयात मी त्यांना प्रथम भेटलो. मूळच्या छिंदवाड्याकडील ल्यूथरन घराण्यातल्या; त्यांच्या आजीने स्वीडिश मिशनच्या शाळेत अक्षर गिरविले होते. बाळाला हात लावण्यापूर्वी त्या क्षणभर डोळे मिटीत. मी तेव्हा तरुण होतो, ताज्या पदवीची गुर्मी होती. मला त्या मिटलेल्या डोळ्यांचा राग येई. एकदा अकराशे ग्रॅम वजनाचे बाळ जन्मले. नागपूरला नेण्याची घरच्यांची ऐपत नव्हती आणि रस्त्यातच जाईल अशी अवस्था होती. सिस्टरबाईंनी तीन रात्री त्या बाळाला आईच्या छातीशी कपड्यात बांधून ठेवले, दूध पिळून पळीने थेंबथेंब पाजले, दर तासाला अंगाची ऊब पाहिली आणि वहीत लिहिली. त्या वहीत एक तासही रिकामा नव्हता. चौथ्या पहाटे श्वास थांबत थांबत बाळ गेले.

सकाळी दुसऱ्या बाळाला उचलताना त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी न राहवून विचारले, "बाई, एवढी प्रार्थना केली, काय झालं तिचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, प्रार्थना काही इंजेक्शन नोहे जी. मी त्याले हाक मारतो ते एकटी नोको राहू म्हणून. बाळ तं मी वहीत लिहिल्यासारखंच जगते नाही तं जाते."

पंचवीस वर्षे झाली, पण हे वाक्य मला कोणत्याही परिषदेतील भाषणापेक्षा स्पष्ट आठवते. यात एक वैद्यकीय शिस्त आहे. प्रार्थना आणि परिणाम यांचा हिशेब त्यांनी वेगळा ठेवला होता. ज्याचा पुरावा मागता येतो तेथे त्यांनी वही ठेवली, ज्याचा मागता येत नाही तेथे डोळे मिटले, आणि दोहोंची सरमिसळ केली नाही. मदर तेरेसांची पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाचे अस्तित्व जाणवतच नव्हते, अंतर्यामी केवळ अंधार होता. वृत्तपत्रांनी त्यात ढोंग शोधले. मला सिस्टरबाई आठवल्या.

सरमिसळ झाली की काय होते तेही आम्ही पाहिले आहे. फेफऱ्याची एक पाच-सहा वर्षांची मुलगी. गोळ्यांवर दीड वर्ष एकही झटका नाही. घरची मंडळी कोण्या प्रार्थनासभेला जाऊ लागली. तेथे कोणी सांगितले की मुलगी बरी झाली, आता गोळ्या देणे म्हणजे अविश्वास. गोळ्या बंद केल्या. बाराव्या दिवशी ती अखंड झटक्यांत माझ्याकडे आली. जगली, पण पूर्वीची राहिली नाही. आईवडिलांना सिस्टरबाईंनी जे सुनावले ते मी सुनावू शकलो नसतो: ज्याने शुभवर्तमान लिहिले तो लूक स्वतः वैद्य होता, त्याने आपली औषधाची पेटी नदीत फेकली असे कोठे लिहिले आहे, दाखवा!

हा दोष एकट्या ख्रिस्ती मंडळींवर ढकलण्याचा उद्योग मी करणार नाही. काविळीची माळ घालून दोन आठवडे घालविलेली मुले आम्ही सर्वांनी पाहिली आहेत. जामसावळीला हनुमंताच्या चरणी मनोरुग्णांना घेऊन लोक येतात; तेथे त्यांना धीर मिळतो हे मी नाकारत नाही, पण गोळ्यांची पुडीही खिशात असू द्या, एवढे प्रत्येकाला सांगतो. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी गोटमार सुरू झाली की टाके घालायला बसणारे आपण, पुराव्याने माणसे किती बदलतात याबद्दल आपल्याला वेगळे काय सांगावे! माझे म्हणणे इतकेच की मोठ्या माणसाने स्वतःच्या देहावर वाटेल तो विश्वास ठेवावा. मुलाच्या देहावर ठेवू नये. मूल थोमासारखे प्रश्न विचारू शकत नाही.

चमत्काराच्या बाबतीत रोमन कॅथलिक चर्च आपल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त संशयी आहे, ही गंमत फारशी कोणाला ठाऊक नसते. फ्रान्समधील लूर्द येथे 1883 पासून डॉक्टरांचे कार्यालय आहे. बरे झाल्याचे हजारो दावे तेथे आले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते 70 च्या आसपास. अर्थात तेथेही सर्व आलबेल नसते. मदर तेरेसांच्या नावे बंगालमधील एका आदिवासी स्त्रीची गाठ विरघळल्याचा चमत्कार मान्य झाला, तेव्हा तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते श्रेय औषधांना दिले होते. मी त्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे. मदर तेरेसांना त्या गाठीची गरजही नव्हती.

दवाखाना आणि विश्वास यांचा आणखी एक नाजूक प्रश्न आहे आणि आपल्या प्रदेशाला तो जुना आहे. 1954 साली मध्य प्रदेश शासनाने नियोगी समिती नेमली. 1956 च्या तिच्या अहवालात शाळा आणि रुग्णालये यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो असा ठपका होता. 1968 साली राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला, 2021 साली अधिक कडक कायदा आला. राजकारण बाजूला ठेवून मी हे डॉक्टर म्हणून पाहतो. शस्त्रक्रियेसाठी आम्ही रुग्णाची संमती घेतो आणि ती वेदनेच्या कळेत घेतलेली असली तर तिला आम्ही पूर्ण संमती मानत नाही. मग मूल अत्यवस्थ असलेल्या आईपुढे कोणी कोणताही देव ठेवला, तर तिच्या होकाराला काय अर्थ? हे मिशनऱ्यांना लागू आहे, तसेच गंडा बांधणाऱ्यालाही लागू आहे. मात्र बैतूल जिल्ह्यातील पाढरच्या रुग्णालयाकडे मी जेव्हा पाहतो तेव्हा उलट बाजूही दिसते. डॉ. क्लेमेंट मॉस यांनी 1958 साली ते उभारले. 2012 च्या जून महिन्यात जन्मतः चिकटलेल्या दोन मुलींना तेथे विलग केले गेले. आईवडिलांना सांभाळणे अशक्य झालेल्या त्या मुलींना रुग्णालयातील मंडळींनीच वर्षभर वाढविले होते. दोघींपैकी एक पुढे काही दिवसांतच गेली, एक वाचली. ज्यांनी हे केले त्यांच्या मनात कोणता विश्वास होता हे उघड आहे. पण त्यांनी तो औषधाच्या चमच्यात घालून पाजला नाही, हाताने दाखविला. थोमाला दाखविलेले हातच ते.

आता आपल्या घरात पाहू. खोकल्याच्या रंगीत औषधांनी लहान मुलांचा साधा खोकला लवकर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, हे आम्हा बालरोगतज्ज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा लेबलावर छापण्यास सांगितले. तरी आम्ही लिहीत राहिलो. का? कारण आई रिकाम्या हाताने परत जाताना नाराज दिसते. कारण आपण नाही लिहिले तर शेजारचा लिहील. कारण सगळे लिहितात. प्रार्थनासभेतील माणसाला आम्ही हसतो, तो निदान आपल्या विश्वासाला विश्वास म्हणतो. आम्ही आमच्या अंधश्रद्धेला 'सिंप्टोमॅटिक ट्रीटमेंट' म्हणतो. मीही लिहिले आहे, शेकडो वेळा. टेबलावरील ती बाटली माझ्याच अक्षराने आली होती.

ज्या आईने पोलिओचे दोन थेंब बाळाला दिले तिने विषाणू पाहिला नव्हता, आम्हीही नाही. पण तेथे साक्ष उघडी होती, कोणालाही तपासता येत होती. 13 जानेवारी 2011 नंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण सापडला नाही. विज्ञानाच्या साक्षीचा आणि धर्माच्या साक्षीचा हा भेद मी पुसू इच्छित नाही. येशू उठला की नाही हे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरणार नाही. बाटलीत काय आहे हे एका दिवसात ठरते. जे ठरू शकते ते न ठरविता विश्वास मागणे ही निव्वळ हलगर्जी आहे, आणि तिला न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांच्या धन्यतेचे पांघरूण घालता येणार नाही. बॅच तपासली का, असा प्रश्न आपल्या मंडळाने एकत्रितपणे विक्रेत्यांना आणि कंपन्यांना लेखी विचारावा असे मी गेल्या सभेत सुचविले. काही सभासदांना ते अवाजवी वाटले. आठ दिवस संशय घेऊन मंडळींतच राहायची माझी तयारी आहे.

त्या सकाळी मी त्या बापाला म्हटले, "यात काय आहे ते मी पाहिलेलं नाही. लेबलावर लिहिलंय तेवढंच मला माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर पोराला याची गरजही नाही." बाटली मी ठेवून घेतली. कोमट पाणी, रात्री अर्धा चमचा मध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि श्वास जोरात चालू लागला किंवा लघवी कमी झाली तर मध्यरात्रीही यायचे, असे सांगितले. तो जरा वेळ बसून राहिला. फी द्यायला लागला, मी घेतली नाही. औषध न लिहिता फी घ्यायचे धैर्य अजून आलेले नाही.

तीन आठवड्यांनी तो धाकट्या मुलीच्या लसीकरणासाठी आला. थोरला खोकल्यातून बरा होऊन बाहेर बाकावर उड्या मारीत होता. मी कुपी फोडायला घेतली तेव्हा तो हात पुढे करून म्हणाला, "दाखवा बरं साहेब." मी कुपी त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडाकडे धरली, नाव वाचले, तारीख वाचली, माझ्या तोंडाकडे पाहिले, परत दिली आणि मुलीची मांडी घट्ट धरून बसला.